नाताळचं घरपत्र: जानेवारीपासून पंचवीस डिसेंबरपर्यंत

स्वयंपाकघरात शेगडीच्या उजव्या हाताला, तेलाचे डाग पडलेलं कालनिर्णय लटकत असतं. आमचं नाताळचं घरपत्र तिथून सुरू होतं. डिसेंबरात कागद घेऊन ‘यंदा काय काय झालं बरं’ असं आठवायला बसलं की हाती लागतात ते फक्त ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. मे महिन्यात ज्या गोष्टीवर अख्खं घर पोट धरून हसलं, तिचं डिसेंबरात ‘ते पंपाचं काय झालं होतं रे?’ एवढंच उरतं. म्हणून त्याच खिळ्याला दोऱ्याने एक पेन्सिल बांधलेली असते. पेन नाही, कारण उभ्या भिंतीवर लिहिताना बॉलपेनची शाई मध्येच यायची थांबते.

हे घरपत्र म्हणजे दोन पानांचा मजकूर. पंचवीस तारखेच्या संध्याकाळी सगळं घर जमलं की तो मोठ्याने वाचायचा आणि मग परगावच्या नातेवाइकांना पाठवायचा. पाश्चात्त्य देशांत नाताळच्या कार्डासोबत कुटुंबाच्या वर्षभराच्या हकिकतीचा कागद जोडून पाठवायची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये त्याला राउंड रॉबिन म्हणतात. नाताळचं पहिलं छापील विक्रीचं कार्ड लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी बनवून घेतलं. एकच पत्र पन्नास घरी धाडणं मात्र सोपं झालं ते साध्या कागदावर प्रती काढणारी यंत्रं कचेऱ्यांत आल्यावर. त्यातलं झेरॉक्सचं ९१४ हे यंत्र १९५९ सालचं. तिकडच्या अशा पत्रांवर नेहमीची टीका अशी, की त्यात नुसती बढाई असते: मुलाला किती टक्के पडले, कुठे फिरून आलो, कुणाला बढती मिळाली. वसईतल्या घरात हे पत्र टिकायचं असेल तर ती चूक पहिल्या वर्षीच टाळावी लागते. समोर बसलेल्यांना टक्के आधीच ठाऊक असतात.

कालनिर्णयावर लिहायचं ते त्याच दिवशी, आठ-दहा शब्दांत. त्यात एक आकडा किंवा वेळ हवी आणि कुणी काही बोललं असेल तर ते जसंच्या तसं. ‘खूप मजा आली’ लिहिलं की ती नोंद वाया गेली, कारण डिसेंबरात त्यातून काहीच उभं राहत नाही. ‘विरार फास्ट, बोरिवलीला उतरायचं, डोळा लागला, थेट विरार’ ही नोंद अकरा महिन्यांनीही ताजी असते. मालवणच्या जयंत साळगांवकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत सगळ्या धर्मांचे सण असल्यामुळे राखेचा बुधवार, ईस्टर, गणपती, ईद सगळं एकाच जागी दिसतं, आणि कुठली गंमत कुठल्या सणाच्या गडबडीत घडली हे आपोआप कळतं. आमच्याकडे दूध बंद ठेवल्याचे दिवस आणि गॅस लावल्याची तारीखही तिथेच असते. हे कोरडे आकडे पत्राला फार उपयोगी पडतात. १४.२ किलोचा सिलेंडर एरवी महिनाभर पुरणारा, पण एप्रिल-मेमध्ये मसाला भाजताना आणि डिसेंबरात फराळ करताना आधीच संपतो. ‘यंदा घरात १३ सिलेंडर लागले, त्यातला एक पूर्णपणे करंज्यांनी खाल्ला’ हे वाक्य केवळ तारखा मोजून मिळतं.

दुसरी खाण म्हणजे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे वर्षभराचे मेसेज. ते सगळे वाचत बसलं तर आठवडा जातो. त्याऐवजी शोधाच्या चौकोनात शब्द टाकावेत: कुठे, किल्ली, हरवलं, चुकली, कुणी, पंप, पाणी. ‘चुकली’ टाकलं की वर्षभरात चुकलेल्या सगळ्या लोकल एकाखाली एक उभ्या राहतात, आणि सर्वांत जास्त कुणाच्या हे मोजता येतं. मराठी रोमन लिपीत टाइप करणारे घरात असतील तर तोच शब्द तसाही शोधावा, तोही दोन-तीन स्पेलिंगने. बोलून पाठवलेले निरोप या शोधात सापडत नाहीत; त्यांतला चांगला असेल त्याला तेव्हाच तारा लावून ठेवायचा. ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर मुदत जास्तीत जास्त ९० दिवसांची असते, म्हणजे सप्टेंबरच्या आधीचं डिसेंबरात काहीच नसतं. हे जानेवारीतच तपासून घ्यावं.

लिहिण्याचं वेळापत्रक आम्ही आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या, चार रविवारांना बांधलं आहे. दर रविवारी एक नवी मेणबत्ती लागते. २०२५ मध्ये ते ३० नोव्हेंबर, ७, १४ आणि २१ डिसेंबर असे आले. पहिल्या मेणबत्तीच्या रविवारी साहित्य जमवायचं, दुसऱ्या रविवारी कच्चा मसुदा. तिसरा, गुलाबी मेणबत्तीचा आनंदाचा रविवार, ज्यांची नावं पत्रात आली त्यांना तो तो भाग वाचून दाखवायचा. चौथ्या रविवारपर्यंत छपाई हातात हवी. चौथ्यानंतर फराळ, ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा गोठा, कंदील, घराची साफसफाई यात कुणालाच वेळ नसतो, आणि चोवीसला दुपारी लिहिलेला विनोद हमखास कुणाला तरी लागतो, कारण तो तपासायला कुणी मोकळं नसतं.

महिन्यांच्या क्रमाने लिहावं, असं मला अनुभवाने पटलं आहे. माणसांच्या क्रमाने लिहिलं तर प्रत्येकजण स्वतःचं नाव येईपर्यंत थांबतो आणि आलं की ऐकायचं सोडतो. शिवाय आपल्या किनाऱ्याचं वर्षच मुळात महिन्यांवर चालतं. फेब्रुवारीत वसईचे संत गोन्सालो गार्सिया, १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झालेले, त्यांचा सण. मग ईस्टरआधीचा उपवासकाळ, ईस्टर, मसाला कुटणं, सुक्या मासळीची बेगमी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे घरात सुकटीचे आणि बोंबलांचे प्रयोग. ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मसण, ऑक्टोबरात नव्या भाताचा सण, आगेरा. यातल्या प्रत्येक टप्प्यावर घरात काहीतरी सांडतं, जळतं किंवा कुणीतरी रुसतं. पण बाराही महिन्यांना जागा द्यायची नाही. सहा-सात महिने पुरेत. बाकीचे एका ओळीत ओलांडायचे. ‘जुलैत पाऊस पडला’ एवढंच म्हटलं तरी वसईकरांना कळतं.

पत्राला एक ओळखीचा साचा मिळाला की अर्धं काम होतं. बातमीपत्राचा साचा बहुतेकांना पहिला सुचतो. तो पहिली तीन मिनिटं चालतो आणि मग निवेदकाच्या आवाजाचा कंटाळा येतो. आमच्या भागात सर्वांत चांगला बसतो तो पतपेढीच्या वार्षिक अहवालाचा. इथे घरोघरी कुणी ना कुणी सभासद असतं, अहवालाची पुस्तिका घरात येतेच, आणि ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ ही भाषा आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या कानावरून गेलेली असते. त्यात घराच्या गोष्टी अलगद बसतात. येणे बाजूला स्टीलचे डबे. नाताळच्या फराळाचे डबे नातेवाइकांकडे जातात आणि परत येत नाहीत, हे वसईतल्या प्रत्येक घराला माहीत आहे. ‘मागील वर्षअखेर येणे डबे ११, पैकी वसूल ४, झाकणाशिवाय वसूल २’ हे आकडे खरे असले की त्यावर हसू येतंच, आणि एखादा डबा दुसऱ्या दिवशी घरपोचही होतो. देणे बाजूला शेजाऱ्यांची शिडी. गुंतवणुकीत वाडीतल्या केळीचे लोंगर. लेखापरीक्षकांचा शेरा आजीच्या तोंडी द्यावा. साच्याचा एकच धोका आहे, तो म्हणजे अहवालाची भाषा शेवटपर्यंत ताणणं. दर तीन परिच्छेदांनंतर एकदा घरच्या साध्या बोलीवर यावं लागतं, नाहीतर ऐकणाऱ्याला खरोखरच सभेला बसल्यासारखं वाटतं.

आता पंपाचं उदाहरण घेऊ, कारण विनोद नेमका कुठे तयार होतो ते त्यात दिसतं. प्रसंग नमुन्यादाखल रचला आहे. कच्च्या मसुद्यात असं वाक्य येतं: ‘मे महिन्यात आमचा विहिरीवरचा पंप बंद पडला आणि सगळ्यांची जाम धांदल उडाली, पण शेवटी कारण कळल्यावर सगळे हसून हसून लोटपोट झाले.’ लिहिणारा हसला, ऐकणारा नाही. तोच प्रसंग असा लिहिला:

‘१४ मे, दुपारी अडीच. पंप बोलेना. पप्पांच्या मते फूटव्हॉल्व्ह. काकांच्या मते कपॅसिटर. आजीच्या मते आपण आगाशीच्या मावशीला डबा पाठवला नाही म्हणून. चार वाजता विहिरीत उतरायला दोर आणला. साडेचारला आणखी लांब दोर आणला. पाच वाजता शाळेच्या सुट्टीवर असलेल्या सदस्याने विचारलं, मेन स्विच कुणी बंद केलाय?’

यात धांदलीचं वर्णन करणारा एकही शब्द नाही. वेळा पुढे सरकतात आणि काम मात्र जिथल्या तिथे राहतं, इथे पहिलं हसू येतं. तिघांची तीन निदानं आहेत आणि तिसरं पहिल्या दोनांच्या जातीचं नाही. फूटव्हॉल्व्ह आणि कपॅसिटर हे शब्द तसेच ठेवले, कारण विहिरीचा पंप असलेल्या घराला ते रोजचे आहेत. ‘पंपात काहीतरी बिघाड’ म्हटलं असतं तर पप्पांची आणि काकांची ऐट गेली असती. दुसरा दोर फार महत्त्वाचा. एकच दोर ठेवून पाहा, गंमत निम्मी होते. आणि स्विच बंद कुणी केला हे सांगितलेलं नाही. सगळ्यांना ते माहीत असतं, म्हणून वाचणारा क्षणभर थांबला की सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. त्या थांबण्यासाठी छापील प्रतीत लाल पेन्सिलीने तिरकी रेघ मारून ठेवावी.

हसायचं कशावर, हा पत्रातला सर्वांत नाजूक भाग, आणि इथे मला कुठलीही सवलत मान्य नाही. वस्तूंवर, प्रसंगांवर, हट्टांवर हसावं. आजारपण, गेलेली नोकरी, नापास झालेला विषय, लग्न न जमणं, मूल होणं न होणं, वजन आणि रंग, यांवर एक अक्षरही नाही, संबंधित माणूस स्वतः ‘लिही की’ म्हणाला तरी नाही. तो दहाजणांत हसतो आणि रात्री गप्प होतो. घरात नवी सून किंवा नवा जावई आला असेल तर पहिल्या वर्षी त्यांच्यावर विनोद करायचा नाही. त्यांनी या घरात आल्यावर काय काय पाहिलं, ते त्यांच्याकडून दोन ओळींत लिहून घ्यावं. बहुधा तेच पत्रातलं सर्वांत चांगलं निघतं, कारण बाकीच्यांना सवयीने दिसेनासं झालेलं त्यांना दिसतं. चौदा-पंधराच्या वयातली मुलं वेगळी सांभाळावी लागतात. सहा वर्षांच्या मुलाला आपला घोटाळा सांगितलेला आवडतो, चौदाव्या वर्षी तोच घोटाळा जिव्हारी लागतो. म्हणून तिसऱ्या रविवारचं वाचून दाखवणं एकेकट्याला, स्वयंपाकघरात किंवा वाडीत, चारचौघांत नव्हे. ‘काढ’ म्हटलं की कारण न विचारता काढायचं.

घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तर पत्र लिहायचंच नाही, असं काही घरांत ठरतं. तोही मार्ग बरोबर आहे. पण लिहायचं ठरलं तर जागा नीट निवडावी. सुरुवातीला तो मजकूर ठेवला तर नंतर कुणी हसू शकत नाही. शेवटी ठेवला तर हसलेल्यांना अपराधी वाटतं. ज्या महिन्यात माणूस गेलं त्याच महिन्यात, साच्याची भाषा पूर्ण बाजूला ठेवून, दोन-तीन साधी वाक्यं लिहावीत. त्यांतलं एक त्या माणसाच्या रोजच्या सवयीचं असावं: सकाळच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, येताना आजी फुलपुडी कुठल्या फांदीला अडकवून ठेवायची, नाताळची मिठाई दोदोल ढवळताना पळी कुणाच्याच हातात का देत नसे. मग वाचणाऱ्याने एक श्वास थांबून पुढच्या महिन्यावर जावं, आणि तो महिना एखाद्या किरकोळ गोष्टीने सुरू व्हावा, केळ्यांच्या भावाने किंवा गळक्या कौलाने. हसू परत येतं, पण त्याला वाट करून द्यावी लागते.

भाषेचं म्हणाल तर निवेदन सर्वांना कळेल अशा मराठीत, आणि माणसांचं बोलणं ज्याच्या त्याच्या बोलीत. आमच्याकडे घरात सामवेदी, शेजारी वाडवळी, सुनांपैकी एक रत्नागिरीकडची आणि मुंबईत वाढलेली नातवंडं वेगळीच. सगळं पत्र सामवेदीत लिहून पाहिलं. वाचणाऱ्याची जीभ प्रत्येक ओळीला अडखळली, कारण ही बोली आपण ऐकतो-बोलतो, लिहिलेली फार कमी वाचतो. फक्त संवाद बोलीत ठेवल्यावर मात्र तेच शब्द ठसठशीत वाजले.

लांबी सातशे ते आठशे शब्द. मोठ्याने, थांबत वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे सात-आठ मिनिटं. त्यावर हसण्याची दोन मिनिटं धरायची. दहा मिनिटांनंतर लहान मुलं गोठ्यातल्या मेंढ्या हलवायला जातात. टाइप करून दुकानात छापायला देताना मजकुराची फाइल देऊ नये. दुकानातल्या संगणकावर फाँट वेगळा असला की जोडाक्षरं फुटतात आणि ‘ख्रिस्तजन्म’ ओळखू येत नाही. पीडीएफ करून न्यावी आणि पहिलं पान हातात घेऊन वाचल्याशिवाय पुढच्या प्रती काढू देऊ नयेत. अक्षर १४ पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा. छपाई लेझरची घ्यावी. शाईच्या प्रिंटरवरचा कागद पंचवीस तारखेला तुपाच्या आणि चहाच्या हातांतून फिरला की दुसऱ्या पानाच्या तळाशी निळा-काळा पट्टा होतो.

वाचायची वेळ हा दरवर्षीच्या चर्चेचा विषय. चोवीसला रात्री नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर सगळे पेंगलेले असतात. पंचवीसला दुपारी जेवणावर पाहुण्यांची ये-जा. आम्ही संध्याकाळी सातला वाचतो, चहा झाल्यावर आणि जेवणाच्या आधी. सात ही वेळ परदेशच्या माणसांनाही सोयीची पडते: दुबईत तेव्हा साडेपाच वाजलेले असतात, टोरंटोत सकाळचे साडेआठ. मेलबर्नला मात्र मध्यरात्र उलटून साडेबारा होतात. तिकडच्यांना आवाज रेकॉर्ड करून पाठवावा. आळीत नाताळगीतांचा कार्यक्रम किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवावं, कारण लाउडस्पीकरपुढे कुठलंच पत्र चालत नाही. जिने लिहिलं तिने वाचू नये. लिहिणारी स्वतःच्या वाक्यावर आधी हसते आणि शब्द गिळते. चर्चमध्ये वाचन करणारं घरात कुणी असेल तर त्याच्याकडे द्यावं, त्याला थांबायची सवय असते. दोनदा मोठ्याने सराव, दोन्ही सर्वांत कमी ऐकू येणाऱ्या माणसापासून, आमच्याकडे पप्पांपासून, शेवटच्या खुर्चीइतक्या अंतरावर उभं राहून. पप्पांना दोन्ही वेळा ऐकू आलं की समजावं आवाज पुरेसा आहे.

पाठवायची प्रत थोडी वेगळी करावी लागते. घर किती दिवस बंद होतं, कुणाकडे किती सोनं, मुलांची शाळा आणि वर्ग, हे त्यातून काढायचं. एकदा पुढे ढकललेला मजकूर कुठवर जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

एक छापील प्रत घरच्या फाइलीत जाते. किनाऱ्याच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलेला कागद पावसाळ्यात पिवळा पडतो, चिकटतो. पुठ्ठ्याच्या साध्या फाइलीत, लोखंडी कपाटात वरच्या खणात चांगला राहतो. आगेरा झाला की ऑक्टोबरच्या उन्हात पानं एकदा मोकळी करावीत, तेव्हाच कसर लागली असेल तर दिसते. पुरावा म्हणून जोडलेली दुकानाची गुळगुळीत बिलं वर्षभरात कोरी होतात, त्यांचा फोटो काढून तो छापलेला बरा.

राहिले कच्चे मसुदे. त्यांत काढून टाकलेले सगळे विनोद असतात, म्हणून ते रद्दीत द्यायचे नाहीत. एकतीस तारखेला आळीतली पोरं जुन्या वर्षाचा म्हातारा करतात. जुनी पँट, फाटका शर्ट, पोटात पेंढा. पेंढा कमीच पडतो. मसुदे चुरगळून, प्रत्येक पानाचा वेगळा बोळा करून, पोटाच्या मध्यभागी कोंबायचे, कडेला राहिले तर जळायच्या आधी वाऱ्याने उडतात. बारा वाजता म्हातारा पेटतो. सकाळी कालनिर्णय नवं, खिळा तोच, पेन्सिलीला टोक काढलेलं.